माशांची स्मृती व बुद्धी

घेतलेला अनुभव साठवून ठेवून पुढील प्रसंगी त्यानुसार वर्तन बदलण्याची माशांची क्षमता म्हणजे त्यांची स्मृती, आणि अशा अनुभवांच्या आधारे नव्या परिस्थितीत योग्य कृती निवडण्याची क्षमता म्हणजे त्यांची बुद्धी होय. माशाची स्मृती काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु तिला कोणत्याही प्रयोगाचा आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेल्या संशोधनाने याच्या नेमके उलट दाखविले आहे. या संशोधनाचा इतिहास पाहता असे दिसते, की प्रश्न माशांच्या स्मृतीचा जितका होता, तितकाच तो ती ओळखण्याच्या मानवी तयारीचाही होता. माशाला चेहऱ्यावरील हावभाव नाहीत, मानवी कानाला सहज ऐकू येईल असा आवाज बहुतेक जातींत नाही आणि त्याचे जग पाण्याखाली आहे; त्यामुळे त्याच्या वर्तनातील बुद्धीचा अंश दीर्घकाळ सहजप्रेरणेच्या खाती जमा होत राहिला.

पारंपरिक ज्ञान : मासे शिकतात, ही गोष्ट त्यांच्याशी नित्य संबंध येणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे विवेचन आढळते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ठराविक जागी खाद्य टाकून माशांना तेथे येण्याची सवय लावणे ही गळ टाकणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. मासा स्थळ व खाद्य यांचा संबंध लक्षात ठेवतो हे गृहीत धरल्यावाचून या युक्तीला अर्थच उरत नाही.

महाराष्ट्रातील राखीव देवडोह हे या ज्ञानाचे दुसरे उदाहरण होय. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणा नदीच्या पात्रालगत शिवमंदिर असून तेथील डोहातील महसीर मासे देवाचे मानले जातात. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील काळ नदीवरील वाळणकोंड हा डोह वरदायिनी देवीचा मानला जातो. या ठिकाणी मासे धरण्यास लोकसंकेताने बंदी आहे आणि येणारे भाविक कुरमुऱ्यांसारखे खाद्य पाण्यात टाकतात. खाद्य पडताच मोठमोठे मासे काठाशी गोळा होतात व माणसाच्या जवळ येण्यास कचरत नाहीत. दख्खनच्या नद्यांतील महसीर (टॉर खुद्री) ही जाती डब्ल्यू. एच्. साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील नमुन्यांवरून वर्णिली. उघड्या नदीत हाच मासा अतिशय सावध असतो. एरवी माणसाची चाहूल लागताच दूर पळणारा मासा राखीव डोहात निर्धास्त वावरतो, हा फरक जन्मजात स्वभावाचा नसून अनुभवाचा आहे, असे अनुमान यावरून निघते. अर्थात हे निरीक्षण आहे, नियंत्रित प्रयोग नव्हे. नियंत्रित प्रयोगांचा प्रारंभ यूरोपात झाला.

प्रारंभीचे प्रयोग : जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल मोबियस यांनी १८७३ मध्ये एका पाइक माशाची हकीकत प्रसिद्ध केली. जलजीवालयात काचेच्या पडद्याने वेगळ्या केलेल्या लहान माशांवर हा शिकारी मासा झडप घालीत असे व प्रत्येक वेळी काचेवर आपटत असे. सु. तीन महिन्यांनंतर त्याने हा प्रयत्न सोडून दिला. पुढे पडदा काढून टाकल्यावरही त्याने त्या ओळखीच्या माशांना हात लावला नाही. मात्र नव्याने सोडलेले इतर मासे त्याने खाल्ले. चार्ल्स डार्विन यांनी द डिसेंट ऑफ मॅन या ग्रंथाच्या १८७४ च्या आवृत्तीत या हकीकतीचा उल्लेख केला, पण तो पाइकचे मन किती दुर्बळ असते हे सांगण्यासाठी. वस्तुतः या माशाने विशिष्ट प्रकारच्या भक्ष्याचा संबंध दुःखद अनुभवाशी जोडला होता, तो टिकवून ठेवला होता आणि अन्य भक्ष्यांपासून तो वेगळाही ठेवला होता. एकाच घटनेतून दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष कसे निघू शकतात, याचे हे बोलके उदाहरण आहे. नॉर्मन ट्रिपलेट यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत पर्च माशांवर असाच प्रयोग करून मोबियस यांच्या निरीक्षणास दुजोरा दिला. त्यापूर्वी १८९९ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांनी टाकीतील आडव्या पडद्यांमधील छिद्रांची जागा लहान मासे हळूहळू शिकतात व सरावाने त्यांचा वेळ कमी होत जातो, हे दाखविले होते.

मासे बहिरे असतात, असे त्या काळी अनेक तज्ञ मानीत. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फोन फ्रिश (१८८६–१९८२) यांनी एका अंध मार्जारमीनाला खाद्य देताना शीळ घालण्याचा क्रम ठेवला. काही दिवसांतच तो मासा केवळ शीळ ऐकून आपल्या निवाऱ्यातून बाहेर येऊ लागला. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दोन गोष्टी एकदम सिद्ध केल्या : माशाला ऐकू येते आणि ऐकलेल्या ध्वनीचा अर्थ तो शिकू शकतो. पुढे फोन फ्रिश यांना प्राण्यांच्या वर्तनावरील संशोधनाबद्दल १९७३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. डोहाकाठी खाद्याच्या वेळी जमणाऱ्या माशांचे वर्तन ज्या तत्त्वाने घडते, ते अभिसंधानाचे तत्त्व या प्रयोगामुळे प्रयोगशाळेत तपासता आले.

स्थळस्मृती : वसई तालुक्यातील वालीव हे गाव तुंगारेश्वराच्या डोंगरांच्या बाजूस असून आज तो औद्योगिक वसाहतींचा परिसर आहे. तालुक्याच्या दक्षिणेस उल्हास नदीची वसईची खाडी व उत्तरेस वैतरणेचे मुख आहे. या खाड्यांच्या चिखलात ओहोटीच्या वेळी निवट्या दिसतात. निवटी हा चिखलावर उड्या मारीत फिरणारा, बिळात राहणारा व चाहूल लागताच बिळाकडे धाव घेणारा मासा असून तो गोबी गटातील आहे. दर भरतीला ज्याचे घर पाण्याखाली जाते व दर ओहोटीला उघडे पडते, अशा प्राण्याला सभोवतालच्या जागेचे ज्ञान असणे हा जगण्याचाच प्रश्न ठरतो.

याच गटातील एका माशावर स्थळस्मृतीचा अभिजात प्रयोग झाला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ लेस्टर ॲरन्सन यांनी बहामा बेटांवरील खडकाळ किनाऱ्यावर बॅथिगोबियस सोपोरेटर या गोबीचा अभ्यास केला. ओहोटीच्या वेळी खडकातील पाण्याच्या खळग्यांत राहिलेला हा मासा डिवचला असता उडी मारून शेजारच्या खळग्यात अचूक पडतो. वास्तविक पहिल्या खळग्यातून दुसरा दिसत नाही. भरतीच्या वेळी खडकावरून पोहताना मासा खळग्यांची रचना शिकून घेत असावा, असे ॲरन्सन यांनी १९५१ मध्ये सुचविले. कृत्रिम खळगे बनवून केलेल्या त्यांच्या पुढील प्रयोगांचा वृत्तांत १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. भरतीचा अनुभव न मिळालेल्या माशांच्या उड्या बहुधा चुकल्या. एका रात्रीच्या भरतीत पोहण्याची संधी मिळालेल्यांनी मात्र त्या जवळजवळ अचूक मारल्या. ही स्मृती सु. ४० दिवस टिकल्याचेही आढळले. चुकीच्या उडीची किंमत कोरड्या खडकावरील मृत्यू असते, हे लक्षात घेतल्यास एवढ्या तत्पर अध्ययनाचे कारण स्पष्ट होते.

स्मृती केवळ दृष्टीवर अवलंबून नसते. सामन मासे समुद्रात अनेक वर्षे काढून अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततात. आर्थर हॅस्लर व वॉरन विस्बी यांनी १९५१ मध्ये प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला स्वतःचा गंध असतो व मासे तो ओळखू शकतात, हे प्रयोगाने दाखविले. पिलांना मॉर्फोलीन या कृत्रिम रसायनाच्या संपर्कात वाढविले, तर प्रौढपणी ती ते रसायन सोडलेल्या प्रवाहाकडे वळतात, असे १९७०–८० या दशकात मिशिगन सरोवरावरील प्रयोगांत दिसून आले. बाल्यावस्थेतील थोड्या काळाचा ठसा येथे वर्षानुवर्षे टिकतो.

भारतातील अभ्यासातही स्थळस्मृती हा महत्त्वाचा विषय ठरला आहे. केरळमधील अ‍ॅनाबस (चढणारा पर्च) या माशावरील प्रयोगांत तळ्यातील व वाहत्या पाण्यातील मासे चक्रव्यूहातील वाट शिकताना भिन्न रीतीने वागतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. म्हणजे एकाच जातीतही अधिवासानुसार अध्ययनाची पद्धत बदलते. झीब्रा मासा ही जाती फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात वर्णिली. आज ती जगभरच्या प्रयोगशाळांत मेंदूच्या अभ्यासासाठी वापरली जाते.

स्मृतीचा शारीरिक आधार : सस्तन प्राण्यांप्रमाणे माशांच्या प्रमस्तिष्कावर थरयुक्त बाह्यक नसते. त्यावरून त्यांना खरी स्मृती नसावी, असा तर्क केला जाई. मिशिगन विद्यापीठातील बर्नार्ड ॲग्रॅनॉफ व त्यांचे सहकारी यांनी १९६०–७० या दशकात सोनमाशांना प्रकाशाची सूचना मिळताच विजेचा सौम्य धक्का टाळण्याचे शिक्षण दिले. शिक्षणानंतर लगेच मेंदूत प्रथिननिर्मिती रोखणारे प्यूरोमायसीन हे द्रव्य टोचल्यास मासे शिकलेले विसरत, तेच सु. एका तासानंतर टोचल्यास स्मृती अबाधित राही. अल्पकालीन स्मृती दीर्घकालीन स्मृतीत रूपांतरित होण्यास काही वेळ लागतो व त्यासाठी नवी प्रथिने आवश्यक असतात, या आज सर्वमान्य असलेल्या कल्पनेला या प्रयोगांनी मोठा आधार दिला. ज्या माशाला विस्मृतीचे प्रतीक मानले जाते, त्याच सोनमाशाने स्मृतिशास्त्राच्या पायाभरणीस हातभार लावला, ही उल्लेखनीय गोष्ट होय. पुढे स्पेनमधील सेव्हिल येथील संशोधकांनी सोनमाशाच्या अग्रमस्तिष्काचा पार्श्व भाग निकामी केल्यास त्याची स्थळस्मृती नष्ट होते, असे दाखविले. हे कार्य सस्तन प्राण्यांत हिपोकँपस हा भाग करतो. रचना भिन्न असली, तरी दोहोंच्या कार्यात साम्य आहे.

स्मृतीचा कालावधी : नेदर्लंड्समधील बोयकेमा यांनी १९७० मध्ये तळ्यातील कार्प माशांवर गळाचे प्रयोग केले. एकदा गळाला लागून सोडून दिलेला मासा पुन्हा सापडण्याचे प्रमाण झपाट्याने घटले आणि हा परिणाम सु. एक वर्षानंतरही जाणवला. केवळ एकाच अनुभवातून घडलेले हे अध्ययन होते. ऑस्ट्रेलियातील क्यूलम ब्राउन यांनी टाकीत पुढे सरकणाऱ्या जाळ्यातील एकमेव छिद्रातून निसटण्याचे शिक्षण इंद्रधनुमाशांना दिले. पाच फेऱ्यांत ते वाट शिकले आणि मधल्या काळात जाळे न पाहताही ११ महिन्यांनंतर तितक्याच तत्परतेने निसटले (२००१). या लहान माशाचे आयुष्य पाहता हा काळ अल्प म्हणता येणार नाही.

बुद्धीची लक्षणे : गेल्या काही दशकांत संशोधनाचा भर साध्या स्मृतीकडून अनुमान, सहकार्य व परस्परओळख यांकडे वळला आहे. टांगानिका सरोवराच्या परिसरातील एका सिक्लिड माशाचे नर इतर नरांच्या झुंजी नुसत्या पाहून त्यांचा बलाबलक्रम ठरवू शकतात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगांत आढळले (२००७). ‘अ’ हा ‘आ’ पेक्षा व ‘आ’ हा ‘इ’ पेक्षा बलवान असेल, तर ‘अ’ हा ‘इ’ पेक्षा बलवान असला पाहिजे, या प्रकारचे हे अनुमान आहे. प्रवाळभित्तीवरील सफाई मासा (लॅब्रॉइडिस डिमिडिएटस) मोठ्या माशांच्या अंगावरील परजीवी खाऊन उपजीविका करतो. इतर गिऱ्हाइके पाहत असताना हा मासा अधिक प्रामाणिकपणे वागतो, असे रेडौआन ब्शारी व त्यांचे सहकारी यांनी दाखविले. तांबड्या समुद्रात ग्रूपर मासा डोके हलवून मोरे ईलला शिकारीस सोबत बोलावतो. ईल खडकाच्या फटीतून व ग्रूपर मोकळ्या पाण्यातून भक्ष्याची कोंडी करतो (२००६). ग्रेट बॅरिअर रीफ येथे टस्कफिश शिंपला खडकावर आपटून फोडतो, याची नोंद २०११ मध्ये झाली. पाण्याची चिळकांडी उडवून कीटक पाडणारा धनुर्धर मासा मानवी चेहऱ्यांच्या चित्रांतून शिकविलेला चेहरा ओळखू शकतो, असेही सिद्ध झाले (२०१६).

जपानमधील मासानोरी कोहदा व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सफाई मासा आरशात पाहून स्वतःच्या अंगावरील खूण काढण्याचा प्रयत्न करतो, असे जाहीर केले. यावरून त्याला आत्मभान आहे असे म्हणावे, की या कसोटीचाच फेरविचार करावा, याविषयी मतभेद आहेत. येथे सावधगिरी आवश्यक आहे. माशांच्या जाती ३०,००० हून अधिक असून प्रयोग त्यांपैकी फार थोड्या जातींवर झाले आहेत. एका जातीत आढळलेली क्षमता सर्व जातींना लागू करणे चुकीचे ठरेल. माशांना मानवासारखे मन आहे, असेही या प्रयोगांवरून सिद्ध होत नाही. प्रत्येक जातीची बुद्धी तिच्या जगण्याच्या गरजेनुसार घडलेली असते, एवढेच यावरून म्हणता येते.

सामूहिक स्मृती : काही ज्ञान एका माशाकडे न राहता थव्याकडे राहते. जीन हेल्फमन व एरिक शुल्ट्झ यांनी १९८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्रंट माशांवर प्रयोग केले. एका थव्यातील मासे दुसऱ्या थव्यात सोडले असता त्यांनी जुन्या रहिवाशांबरोबर जाऊन तेथील ये-जा करण्याचे मार्ग शिकून घेतले. पुढे रहिवासी काढून घेतल्यावरही ते त्याच मार्गाने जात राहिले. ज्यांना शिकविणारे रहिवासी मिळाले नाहीत, त्यांनी तो मार्ग धरला नाही. म्हणजे मार्गाची परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

अशी परंपरा तुटूही शकते. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वसंत ऋतूत अंडी घालणाऱ्या हेरिंग माशांनी आपले प्रजननक्षेत्र सु. ८०० किमी. उत्तरेस हलविल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नमूद आहे. मासेमारीमुळे वयस्क मासे विरळ झाले आणि त्याच सुमारास तरुण माशांची मोठी पिढी प्रथमच प्रजननास सिद्ध झाली. तिला जुन्या क्षेत्राकडे नेणारे मासे पुरेसे उरले नव्हते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले आहे. माशांची संख्या पुन्हा वाढली, तरी हरवलेले ज्ञान तिच्याबरोबर आपोआप परत येत नाही, हा यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय.

व्यावहारिक महत्त्व : या ज्ञानाचा संबंध मासेमारी, मत्स्यसंवर्धन व नदीसंरक्षण या तिहींशी येतो. गळ चुकवण्यास मासा शिकतो, कारण अशा प्रसंगातून वाचण्याची त्याला काही संधी असते. वसई, अर्नाळा या भागांत भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवले जाणारे डोल जाळे याहून वेगळे आहे. त्याच्या बारीक आसाच्या टोकाशी एकदा प्रवाहाबरोबर आलेला बोंबील वा कोवळे पिल्लू सहसा परत जात नाही. अनुभवाचा लाभ वाचणाऱ्यालाच होतो. जेथे वाचण्याची संधी नाही, तेथे कोणतीही स्मृती माशाच्या कामी येत नाही. म्हणून आसाचा आकार, बंदीचा काळ व मोठ्या माशांचे रक्षण यांचे नियम ही जबाबदारी माणसाकडे येते. पावसाळ्यातील मासेमारीबंदीमागे मुख्यतः प्रजननाचा विचार आहे. त्यात वयस्क माशांकडील ज्ञानाच्या रक्षणाचा विचार जोडणे आता आवश्यक ठरते.

मत्स्यसंवर्धनातही हाच मुद्दा येतो. दख्खनच्या महसीराचे कृत्रिम प्रजनन लोणावळ्याच्या परिसरात १९७० च्या सुमारास सी. व्ही. कुलकर्णी यांनी साधले आणि पुढे तेथील टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रातून महसीराची पिले अनेक ठिकाणच्या जलाशयांत सोडली गेली. टाकीत वाढलेल्या पिलांना शिकारी माशांचा वा नैसर्गिक खाद्याचा अनुभव नसतो. अशी पिले सोडण्यापूर्वी त्यांना थोडे शिक्षण दिल्यास त्यांचा जगण्याचा संभव वाढतो, असे अन्य देशांतील प्रयोग सुचवितात.

तिळसे येथील डोहाच्या वरच्या अंगास वैतरणेवर मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी मोडकसागर (१९५७) व मध्य वैतरणा (२०१४) ही धरणे झाली आहेत. प्रजननासाठी प्रवाहाच्या वर जाणाऱ्या महसीरासारख्या माशाचा मार्ग धरणांमुळे खंडित होतो. राखीव डोहांतील माशांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माणसापासून धोका नाही, हे त्यांनी पिढ्यानुपिढ्यांच्या अभयातून शिकलेले आहे. लोकसंकेत शिथिल झाला, तर हेच शिक्षण त्यांच्या नाशास कारण होईल, कारण काठाशी निर्धास्त येणारा मासा धरणे सर्वांत सोपे असते. तो डोह मंदिराच्या आश्रयाने टिकला. यापुढे तो टिकण्यासाठी वरच्या अंगाचा प्रवाह, पाण्याची शुद्धता आणि मासे न धरण्याचा संकेत या तिन्ही गोष्टी एकत्र राखाव्या लागतील.

माशांना वेदना जाणवतात की नाही, याविषयी एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. त्याचा निर्णय काहीही लागो, मासा अनुभव घेतो, तो टिकवितो व पुढील पिढीकडे नेऊ शकतो, एवढे आता निश्चित आहे. [→ प्राण्यांचे वर्तन, मत्स्य वर्ग, महसीर].